स्पीकरवरचं बोलणं

वाचकांचे प्रश्न : जून २०२१

घरगुती हिंसेबद्दलची या वेळची बहुतेक पत्रं दुसऱ्याच्या फोनवरून आली आहेत. बहिणीच्या, शेजारणीच्या, एक तर मुलाच्या वर्गशिक्षिकेच्या फोनवरून. मी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात बरीच वर्षं बसते, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. गेल्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमचा फोन जवळजवळ वाजेनासा झाला होता. एक साहेब खूश होऊन म्हणालेसुद्धा, "बघा मॅडम, माणसं घरी बसली आणि सुधारली." माणसं सुधारली नव्हती. बाईला फोन करायला जो आडोसा लागतो तो गेला होता. नवरा कामावर गेल्यानंतरची वेळ, बाजाराची वाट, देवळाची पायरी, सगळंच बंद. पुढे गाड्या सुरू झाल्या तशा बायका बोलू लागल्या. राष्ट्रीय महिला आयोगाकडे २०१९ मध्ये घरगुती हिंसेच्या तीन हजारांच्या आत तक्रारी आल्या होत्या, २०२० मध्ये त्या पाच हजारांवर गेल्या. या झाल्या आयोगापर्यंत पोचलेल्या. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के जणींनी कुणाकडे मदत मागितली नव्हती, कुणाजवळ बोलल्याही नव्हत्या.

म्हणून या अंकात सोसणाऱ्या बाईच्या आजूबाजूच्यांची पत्रं जास्त घेतली आहेत. गावं, वयं, नोकऱ्या बदलल्या आहेत. कुणी ओळखायचा प्रयत्न करू नये.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये तिशीतलं जोडपं, तीन वर्षांची मुलगी. तो वर्षभर घरूनच काम करतो. एप्रिलपासून भिंतीपलीकडून काहीतरी आपटल्याचा, तिच्या रडण्याचा आवाज येतो, मग टीव्ही मोठा होतो. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला येते तेव्हा मास्क डोळ्यांपर्यंत ओढलेला असतो. आमचे हे म्हणतात, नवराबायकोच्या भांडणात पडू नये. सेक्रेटरी म्हणतात, लेखी तक्रार द्या, सोसायटी नोटीस काढेल. मी पोलिसांना फोन करू का?

उत्तर : मारहाण चालू आहे, ती किंवा मुलगी ओरडते आहे, असं ऐकू आलं तर १०० ला फोन करा. तेव्हा तिला विचारायला थांबायचं नाही. एरवी मात्र आधी तिला विचारायचं आणि मगच काही करायचं.

फोन आणि गप्प बसणं यांच्या मधलंही एक काम आहे. आवाज सुरू झाला की जाऊन बेल वाजवा. २००८ मध्ये 'बेल बजाओ' नावाची मोहीम निघाली होती, तिची कल्पना एवढीच होती. दार उघडल्यावर भांडणाचा विषय काढू नका. "जरा ऑक्सिमीटर देता का, आमच्या ह्यांना धाप लागल्यासारखं वाटतंय" म्हणा. सध्या इतकं खरं वाटणारं निमित्त दुसरं मिळायचं नाही. दारात उभं राहून दोन मिनिटं लांबवा. यजमानांना सोबत न्या, निदान आपल्या दारात उभं करा. त्याला कळतं की भिंतीपलीकडे कान आहेत, आणि तिलाही कळतं. मात्र "आवाज फार येतो हो तुमच्याकडून" असं त्याला तोंडावर ऐकवू नका. तुम्ही दार लावून घेतल्यावर त्याचं उत्तर तिला द्यावं लागेल.

याच कारणाने सेक्रेटरींची नोटीस नको. तो कागद त्याच्या हातात पडणार.

तिच्याशी बोलायची जागा तो कचऱ्याचा डबाच. फार नको, एवढंच म्हणा : "मला ऐकू येतं. तुमचं काही चुकलेलं नाही. मी दिवसभर घरी असते, बेल दोनदा वाजवली की मी ओळखीन." आणि आत जा. मास्क खाली घ्यायला सांगू नका, "निघून का जात नाही" विचारू नका. ती त्या दिवशी काही बोलणार नाही, कदाचित महिनाभर बोलणार नाही. तुम्ही तारीख, वेळ, काय ऐकलं ते एका वहीत टिपून ठेवा. पुढे ती तक्रार करायची ठरवेल तेव्हा ती वही कामाला येईल.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली बाईच्या मदतीला नेमलेला सरकारी अधिकारी) कळवता येतं, आणि चांगल्या हेतूने कळवलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. हे आपल्या यजमानांना वाचून दाखवा. आणि भांडणाचं म्हणाल तर भांडणात दोन आवाज असतात. तुम्ही पत्रात एकच लिहिला आहे.

प्रश्न : माझी थोरली मुलगी पुण्यात हडपसरला दिली आहे. मुलगा चार वर्षांचा. जावई हॉटेलात होते, ती नोकरी गेल्या वर्षी गेली, तेव्हापासून मारतात. फोन केला की तो स्पीकरवर असतो, ती "सगळं बरं आहे" म्हणते. गेल्या महिन्यात एका रात्री चोरून फोन केला, "आई, मला न्यायला या." आम्ही जिल्ह्याबाहेर जायच्या ई-पाससाठी धावाधाव केली, तर दुसऱ्या दिवशी म्हणाली, "नको, येऊ नका, आता नीट वागतायत." तिच्या वडिलांना राग आला, म्हणाले आता तिचं ती बघेल. आमच्याकडे बाहेरून आलेल्याला गावच्या शाळेत विलगीकरणात ठेवतात. धाकटीचं लग्न ठरतंय. मी काय करू? (सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, आधी तिच्या वडिलांसाठी. तिने तुम्हाला फसवलं नाही. निघायचं म्हटलं की बाईला एका रात्रीत पुष्कळ हिशेब करावे लागतात : मुलाला तो ठेवून घेईल का, पैसे कुठले, आईच्या गावात लोक काय म्हणतील, आणि निघताना त्याला कळलं तर. शेवटची भीती अगदी खरी असते. बाई सोडून जायला निघते तोच काळ तिच्यासाठी सगळ्यात धोक्याचा, हे आम्ही केंद्रात पुन्हा पुन्हा पाहतो. निघायचं ठरवून माघार घेणं आणि पुन्हा ठरवणं, हे बहुतेक जणींचं होतं. त्या रात्री तिने एवढंच बघितलं की आईबाप येतात की नाही. तुम्ही पासासाठी धावलात हे तिला कळलंय. आता "तिचं ती बघेल" हे मात्र तिच्या कानावर जाऊ देऊ नका.

जावयाची नोकरी गेली म्हणून मारतात, असं तुमच्या पत्रातून वाटतं. नोकऱ्या लाखोंच्या गेल्या. ज्या मालकाने काढलं त्याच्यावर यांनी हात टाकलेला नाही. असंच दारूचं. गेल्या वर्षी ४ मेला दुकानं उघडली आणि बाहेर रांगा लागल्या तेव्हा सगळे म्हणाले, आता बायकांचे हाल. त्याआधीचे सहा आठवडे दुकानं बंद होती आणि मार चालूच होता. पैशाची तंगी, दारू, घरात कोंडून बसणं यांनी तो वाढतो, हे खरं. पण ते थांबलं की मारही थांबेल, या आशेवर तिला बसवून ठेवू नका.

आता फोन. तो ऐकतोय असं धरूनच बोला. जावयाची चौकशी नेहमीसारखी करा, आवाजात राग येऊ देऊ नका. तिला खोदून विचारू नका, तिला खरं बोलता येत नाही आणि खोटं बोलायला लागलं की ती तुमच्यापासून आणखी लांब जाते. ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येईल तेवढंच विचारा. आणि तिचा एकांताचा फोन पुन्हा आला की पहिल्या अर्ध्या मिनिटात खूण ठरवून टाका. आमच्याकडच्या एका आईने मेतकूट ठरवलं होतं. "मेतकूट संपलं" म्हणजे न्यायला या, "आहे अजून" म्हणजे थांबा. मेतकुटाबद्दल कुठला नवरा कान टवकारतो? नातवाचा बालवाडीचा वर्ग मोबाइलवर भरत असेल तर तेवढा वेळ फोन तिच्या हातात असतो, ती वेळ विचारून ठेवा. सल्ल्याचे मेसेज, हेल्पलाइनचे फोटो तिला पाठवू नका. तिचं व्हॉट्सअॅप घरातल्या कुठल्या लॅपटॉपवर जोडलेलं आहे का हे तिने एकदा सेटिंगमध्ये बघावं. बायकांना हे माहीत नसतं, नवऱ्यांना असतं.

कागद. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलाचा जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड, लग्नाचा दाखला किंवा निदान फोटो, मार लागल्यावर दवाखान्यात गेली असेल तर ते केसपेपर. यांचे फोटो तिने तुम्हाला पाठवावेत आणि आपल्याकडचे लगेच पुसावेत. बॅग भरून ठेवायची नाही, ती सापडते. अंगावर घालता येतील तेवढेच दागिने आणि मुलाची औषधं. बाकीचं स्त्रीधन नंतर न्यायालयामार्फत मागता येतं.

कायद्याचं सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की बाईने घर सोडल्याशिवाय काही सुरू होत नाही. उलट आहे. नवऱ्याबरोबर ज्या घरात ती राहिली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर सासऱ्यांच्या नावावर असो की भाड्याचं असो. न्यायदंडाधिकारी नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतात. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पुणे जिल्हा परिषदेने जाहीर केलं होतं की घरात मारहाण करणारा समजावूनही ऐकत नसेल तर त्यालाच विलगीकरणात नेऊन ठेवू. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. निदान कुणाला तरी सुचलं की बाहेर त्याने जायचं.

पण तुमच्या मुलीकडे स्वतःचे पैसे नाहीत, जवळ माणूस नाही. तिला सध्या तुमच्याकडे येणंच बरं वाटत असेल तर तसंही चालतं. अर्ज पुण्यातच करायला हवा असं नाही. ती तुमच्याकडे राहायला आली की साताऱ्यातही करता येतो. तालुक्याचा संरक्षण अधिकारी अर्ज भरून देतो, पैसे लागत नाहीत. वकीलही बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कायद्यात पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत व्हावी असं म्हटलंय. सध्या कोर्टं कशी चालतात ते तुम्ही ऐकलंच असेल, म्हणून अर्जातच अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश मागा. प्रतिज्ञापत्रावर तो समोरच्याला न ऐकताही देता येतो. त्यात मुलाचा ताबा आणि खर्चाची रक्कम दोन्ही मागायला विसरू नका.

७ जून २०२१ पासून करोनाच्या निर्बंधांसाठी जिल्ह्यांचे पाच स्तर केले होते आणि तेव्हा ई-पास पाचव्या स्तरातल्या जिल्ह्यांसाठीच लागत होता, त्यामुळे गाडीचं निभणार होतं. शाळेतल्या विलगीकरणाचं मात्र आजच सरपंचांशी बोला. घरात वेगळी खोली असेल तर गृहविलगीकरण मागा, येताना चाचणी करून या. शाळेतच ठेवायचं म्हणाले तर रात्री सोबत कोण असेल, संडास किती लांब आहे, कडी आतून लागते का, आणि जावई गावात आले तर त्यांना ती कुठे आहे हे कुणी सांगणार नाही ना, हे सगळं आधी ठरवा. गावात माहिती देण्याची हौस फार असते.

धाकटीच्या लग्नाचं. थोरली माहेरी आली म्हणून ज्यांचं मन फिरेल ती माणसं कशी आहेत, हे लग्नाआधीच कळलं तर चांगलंच की.

प्रश्न : बहिणीच्या फोनवरून लिहिते, उत्तर अंकातच द्या. नवरा दिवसरात्र घरी. माझ्या मनाविरुद्ध रोज जवळ येतो. नाही म्हटलं की मुलांसमोर घाण शिव्या, जेवण बंद. मला ताप होता, करोनाचा रिपोर्ट यायचा होता तेव्हाही सोडलं नाही. पाळी येऊन दोन महिने झाले. मला हे मूल नको आहे. सासूबाई म्हणतात, नवऱ्याची सही लागते. आमचा सरकारी दवाखाना कोविडचा केला आहे. लग्नाच्या बायकोवर असं केलं तर त्याला काही म्हणतात का?

उत्तर : म्हणतात. लैंगिक हिंसा म्हणतात. तुम्ही नाही म्हणालात, त्याने ऐकलं नाही, यापुढे काही सिद्ध करायची गरज माझ्यापुढे तरी नाही.

कायद्याचं खरं ते सांगते. भारतीय दंड संहितेत, आणि २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही, बलात्काराच्या कलमातून नवऱ्याला वगळलेलं आहे, बायको अठरा वर्षांवरची असेल आणि दोघं एकत्र राहत असतील तर. ते अन्यायाचं आहे आणि त्यावर न्यायालयात झगडा चालू आहे. पण कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या व्याख्येत लैंगिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे, आणि त्याखाली तुम्हाला संरक्षणाचा आदेश मागता येतो. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड. तक्रार करायची की नाही, कधी करायची, हे तुम्ही ठरवा. त्याआधी दवाखान्याचं बघू, कारण तिथे दिवस मोजावे लागतात.

नवऱ्याची सही लागत नाही. सासूची नाही, भावाची नाही. अठरा वर्षांवरच्या बाईला फक्त तिची स्वतःची संमती लागते, हे गर्भपाताच्या कायद्यात लिहिलेलं आहे. कुणी डॉक्टर सही मागत असतील तर ती त्यांची सवय आहे, कायदा नव्हे. जून २०२१ मध्ये वीस आठवड्यांपर्यंत परवानगी होती. त्या वर्षी मार्चमध्ये संसदेने काही स्त्रियांसाठी ती चोवीसपर्यंत वाढवणारी दुरुस्ती मंजूर केली, ती सप्टेंबर २०२१ मध्ये लागू झाली. तुम्हाला तिथवर थांबायचंच नाही. आठ-नऊ आठवड्यांचं असेल तर बहुतेकदा डॉक्टरच्या देखरेखीखाली गोळ्यांनी होतं. दुकानातून कुणाकरवी गोळ्या आणवून घरात गुपचूप घेऊ नका. रक्तस्राव वाढला तर मध्यरात्री त्याच माणसाकडे गाडी मागावी लागेल.

दवाखाना कोविडचा झाला तरी बाळंतपणाचा विभाग कुठेतरी हलवलेला असतोच. नर्सबाईंना किंवा आशाताईंना "बाळंतिणींना सध्या कुठे पाठवता" एवढंच विचारा. साथीच्या काळातही ही सेवा अत्यावश्यकच धरली आहे, "करोना संपल्यावर या" हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही. सोबत सासूबाई येणारच. येऊ द्या. २०२१ च्या करोनाकाळात आत एकट्या पेशंटलाच घेत असत. या करोनाच्या नियमांनी बायकांचं फार नुकसान केलं, पण हा एक नियम आमच्या उपयोगी पडला. आत गेल्यावर डॉक्टरांना सरळ सांगा, "घरी जबरदस्ती होते, मला मूल नको, बाहेर कुणाला सांगू नका." तुमची नोंद गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे.

पुढचं. सरकारी दवाखान्यात 'अंतरा' नावाचं इंजेक्शन मोफत मिळतं, दर तीन महिन्यांनी एक. घरात गोळ्यांचं पाकीट दिसत नाही. तुम्हाला चालेल का ते डॉक्टरांना विचारा. यामुळे त्याची जबरदस्ती थांबणार नाही, हे मला माहीत आहे. पण पुढचं पाऊल टाकायला तुम्हाला वेळ मिळेल.

हे मी दवाखान्याच्या आधाराने एवढं का बोलते? २००० च्या सुमाराला मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू झालं, ते याच विचाराने. बाईला पोलीस ठाण्यात जायला सतरा जणांना उत्तर द्यावं लागतं. दवाखान्यात जायला "पोटात दुखतंय" पुरतं.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीवर (वय २१) तिच्या मित्राने त्याच्या खोलीवर बळजबरी केली. परवाची गोष्ट आहे. ती स्वतःहून गेली होती, संचारबंदीत, घरी खोटं सांगून. तिला वाटतं पोलीस आधी तिलाच विचारतील, बाहेर का पडलीस. ती सारखी आंघोळ करते आहे. मी काय बोलू? (नागपूर)

उत्तर : तुझी मेल आली त्याच संध्याकाळी मी तुला उत्तर पाठवलं होतं. इथे छापते आहे ते दुसऱ्या मैत्रिणींसाठी, तुम्हा दोघींना विचारून.

आधी दवाखाना. ७२ तास हा आकडा लक्षात ठेवायचा. एचआयव्ही टाळण्याची औषधं त्याच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि गर्भ न राहण्याची गोळीही तेवढ्यातच घेतलेली चांगली. सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयाला लैंगिक हिंसा झालेल्या बाईवर लगेच आणि मोफत उपचार करावेच लागतात, नाकारलं तर तो त्यांचा गुन्हा ठरतो. आधी एफआयआर आणा, असं म्हणता येत नाही. रुग्णालय पोलिसांना कळवेल, पण जबाब द्यायचा की नाही, हे तिच्या हातात राहतं. तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला तिची संमती हवी. एखादी गोष्ट नको म्हणाली म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. 'दोन बोटांची' (योनीत बोटं घालून करतात ती) चाचणी करायची नाही, असं आरोग्य मंत्रालयाने २०१४ पासून सांगितलेलं आहे. कुणी करू लागलं तर तू तिथे असशील आणि बोलशील, म्हणूनच सोबत जायचं.

आंघोळ केली म्हणून सगळं संपत नाही. त्या दिवशीचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. त्याचे मेसेज पुसू नका, नंतरचे माफीचे तर मुळीच नाही.

संचारबंदी मोडली ती तिने. बळजबरी केली ती त्याने. पहिल्यामुळे दुसरी कमी होत नाही. बलात्काराची तक्रार नोंदवून न घेणारा पोलीस अधिकारी स्वतः शिक्षेला पात्र ठरतो, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते, ते योग्य ठाण्याकडे पाठवतात. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. अडवलं तर एवढं शांतपणे म्हणून बघायचं, आणि म्हणायला सोबत विधी सेवेचा वकील किंवा महिला संघटनेची बाई असली तर फार फरक पडतो. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून मदतही मिळते, पण तिथे तक्रार नोंदलेली लागते.

तू काय बोलायचंस? "का गेलीस" सोडून काहीही चालेल. खरं तर बोलण्यापेक्षा विचार : "आत्ता जाऊया की सकाळी? मी येऊ की नको? आईला सांगायचं की नाही?" तिच्या मनाविरुद्ध एक गोष्ट घडली आहे, आता पुढची प्रत्येक गोष्ट तिला विचारून होऊ दे. तुला चीड येईल, त्याला फोन करून बोलावंसं वाटेल. करू नकोस. (ती अठराच्या आतली असती तर हे वेगळं झालं असतं. तेव्हा पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या, कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं, ज्याला समजलं त्यालाही.)

प्रश्न : मी आशा आरोग्यसेविका आहे. गेल्या वर्षी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या करोनाच्या पाहणीच्या वेळी घरोघर फिरले, आता गृहविलगीकरणातल्यांकडे जाते. एका घरात सुनेच्या हातावर वळ दिसतात. सासू उंबऱ्यातून हलत नाही. काय विचारू? मी त्याच गावात राहते.

उत्तर : सासूसमोर काहीच विचारू नका. ताप मोजायला, ऑक्सिजन बघायला सुनेला अंगणात घ्या, "घरात सहा फूट अंतर राहत नाही" म्हणा. पाळीचे प्रश्न काढलेत की सासऱ्याचं तोंड आपोआप दुसरीकडे वळतं. दोनच वाक्यं : "घरी बरं आहे ना? नसेल तर लसीच्या दिवशी उपकेंद्रात माझ्याजवळ बस." वळांबद्दल नोंदवहीत लिहू नका, ती वही कुणीही उघडतं. नर्सबाईंना तोंडी सांगा आणि संरक्षण अधिकाऱ्याला फोन त्यांच्याकरवी होऊ द्या. गावात तुमचं नाव पुढे यायला नको, तुम्हाला उद्या त्याच गल्लीतून जायचं आहे.

प्रश्न : बहिणीला तिचा नवरा मारतो. आम्ही चौघं भाऊ आहोत. जाऊन एकदाच नीट समज दिली तर? (सोलापूर)

उत्तर : तुम्ही समज देऊन संध्याकाळी परत याल आणि ती तिथेच राहील. गुन्हा तुमच्यावर नोंदला जाईल आणि त्याला जन्मभर सांगायला गोष्ट मिळेल. तिला काय हवंय ते विचारलंत का? पत्रात ते कुठे नाही. विचारा. यायचंच म्हणाली तर चौघंही जा, पण जवळच्या पोलीस ठाण्यात आधी कळवून, शक्य तर तिथली एक महिला पोलीस सोबत घेऊन, आणि तिचं सामान उचलायला. मुलं दोन असतील तर रिक्षा पुरणार नाही, टेम्पो सांगून ठेवा.